गळतंय कुठून ते आधी बघा

प्रश्न : वडिलांची २००४ सालची मारुती ८०० मी वापरतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकतं. मेकॅनिक म्हणतो, मागचं क्रँक सील (इंजिनच्या फिरत्या दांड्यावर बसणारी, ऑइल अडवणारी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. टायमिंग बेल्ट मी घरीच बदलला होता. हेही जमेल का, काका?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बेल्ट बदललात म्हणजे पाना धरता येतो. तरी गिअरबॉक्सला हात लावायची घाई नको. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक झालं की ऑइल ब्लॉकवरून ओघळत नेमकं त्याच सांध्याशी येऊन थेंब धरतं. थंड इंजिन स्वच्छ धुवा, वाळल्यावर पावडर भुरभुरवा, गावाबाहेर एक चक्कर मारून या. ओघळ वरून दिसला तर काम अर्ध्या तासाचं. थेंबाला गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे गळतंय ते गिअरबॉक्सचं इनपुट सील, इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्यावरचं. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी, नळीही बघा. ती चोंदली तर आतला दाब नवं सीलही गळवतो.

क्रँक सीलच निघालं, तर सील स्वस्त आणि मेहनत महाग. गिअर ऑइल काढा, चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट सोडवा, इंजिनला आधार द्या, मगच गिअरबॉक्स हलवा. सोबत एक दणकट माणूस हवाच. सोसायटीचं पार्किंग उताराचं असेल तर नाद सोडा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एवढ्यावरूनच शिव्या घालायचो.

जुनं सील उचकटताना क्रँकवर ओरखडा पडला तर सगळी मेहनत पाण्यात. नव्याची स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आतल्या कडेला थोडं इंजिन ऑइल. हातोडीचा घाव थेट नको. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून चहूबाजूंनी सारखं ठोका. जुन्या सीलने पाडलेली चर नखाला लागली तर नवं किंचित पुढेमागे बसवा, कडा कोऱ्या भागावर यायला हवी. सीलपर्यंत पोचायला उतरवलेल्या फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाचे) बोल्ट परत आवळायचे ते टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला. तिथे अंदाज चालत नाही.

क्लचप्लेट ऑइलने भिजली असेल तर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, बदलाच. इनपुट सीलही याच वेळी बदलून टाका. आणि जुनी सीलं फेकू नका, त्यांच्यावर छापलेलं माप दुकानात लागेल.