हॅट्रिकमधली युवा अकादमी: खर्च पैशांचा कमी, आठवड्यांचा जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅट्रिक या ऑनलाइन फुटबॉल-व्यवस्थापनाच्या खेळात संघ घेऊन दुसरा हंगाम चालू आहे, अकादमी आणि तिच्यासाठी मुलं शोधणारे तिन्ही स्काऊट यांवर दर आठवड्याला पैसे जातात, आतापर्यंत एकही मुलगा विकण्याजोगा निघालेला नाही. तर अकादमी बंद करून तो पैसा स्टेडियममध्ये घालावा का?

माझं मत आधीच सांगतो. बंद करू नका, पण आत्ता चालवताय तशीही चालवू नका. अकादमीचा हिशेब बहुतेक जण आठवड्याच्या खर्चावरून मांडतात. खरं तर तिथे सर्वांत महाग काही असेल तर ते सरावाचे आठवडे आणि सामन्यातल्या जागा. पैसा पुढच्या सामन्याच्या तिकिटांतून परत येतो. भलत्याच मुलावर घातलेले आठवडे परत येत नाहीत.

१९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या या खेळाचं सगळं घड्याळ ११२ दिवसांचं आहे. सोळा आठवड्यांचा एक हंगाम, आणि तेवढ्यात खेळाडू एका वर्षाने मोठा होतो. अकादमीतला मुलगा मुख्य संघात आणायचा तर दोन अटी: वय सतरा पूर्ण हवं आणि अकादमीत एक पूर्ण हंगाम काढलेला हवा. या दोन अटी एकत्र वाचल्या की स्काऊट काय घेऊन येतोय ते कळायला लागतं. पंधरा वर्षांचा मुलगा आला तर त्याचे ११२ दिवस सतरा व्हायच्या आधीच भरतात, म्हणजे वाढदिवसालाच त्याला वर घेता येतं. सोळा वर्षं आणि ५० दिवसांचा मुलगा आला, तर तो सतरा वर्षं ५० दिवसांच्या आधी येऊच शकत नाही. पुढच्या सरावासाठी हे ५० दिवस गेलेच. बाजारात सतरा वर्षं शून्य दिवस आणि सतरा वर्षं शंभर दिवस यांच्या बोलीत जो फरक दिसतो, तो याचाच. वय वाढेल तसा सरावाचा वेग मंदावतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

म्हणून स्काऊटचा फोन आला की मी आधी वय बघतो, मग बाकीचं. स्काऊट साधारण एका कौशल्याबद्दल काहीतरी सांगतो: आत्ता किती आहे, किंवा कुठवर जाऊ शकेल. सोळा वर्षं आणि शंभर दिवसांच्या मुलाबद्दल तो फारसं काही चांगलं सांगत नसेल, तर त्याला घेण्यात अर्थ नाही. तेच पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल सांगितलं तर घेऊन बघावं. स्काऊट जास्त असले की त्या आठवड्यात नाकारायची मुभा वाढते, पण घेता येतो एकच. नाकारलेला हातचा गेला, ही हुरहुर सोडून द्या. अकादमीत जागा अठराच, आणि बऱ्याच संघांत त्यातल्या निम्म्या जागा अशाच 'असू दे' म्हणून ठेवलेल्या मुलांनी अडवलेल्या असतात.

इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. युवा संघात सराव मिळतो तो सामना खेळलेल्यांना, आणि तोही त्या सरावाशी जुळणाऱ्या जागेवर खेळलेल्यांना. प्लेमेकिंगचा, म्हणजे खेळ रचण्याचा, सराव लावला तर पूर्ण फायदा मधल्या फळीतल्या तिघांना. गोल मारण्याचा लावला तर पुढच्या तिघांना. गोलरक्षणाचा लावला तर फक्त एकाला. बचावाच्या सरावात पाच जण बसतात, म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी बचाव धरावा असं मी आग्रहाने सांगतो. मुख्य आणि दुय्यम असे दोन सराव लावता येतात, पण दुय्यमाचा परिणाम कमी. म्हणजे अकादमीत अठरा मुलं असली तरी दर आठवड्याला खऱ्या अर्थाने वाढणारी चार-पाचच. बाकीची बाकावर वयाने वाढतात. शेतकरी ज्वारीची विरळणी करतो तशी अकादमीचीही करावी लागते, आणि ती लवकर करावी लागते. पाच-सहा आठवडे खेळवूनही मुख्य कौशल्याची मर्यादा, म्हणजे ते कुठवर वाढू शकतं ती पातळी, तीन-चारवर अडलेली दिसली, तर त्या मुलाला सोडा आणि त्याची जागा नव्याला द्या.

मर्यादा दिसते कशी? सामन्यानंतर प्रशिक्षक टिप्पणी करतो, सरावात एकेक कौशल्य उघड होत जातं, आणि सामन्यातल्या खेळाबद्दल खेळाडूला मिळणाऱ्या ताऱ्यांवरून अंदाज बांधता येतो. त्यासाठी मुलगा ओळीने काही सामने एकाच जागेवर खेळलेला हवा. आज बचावात, पुढच्या आठवड्यात विंगवर, त्यानंतर मध्यात असं फिरवलं तर ताऱ्यांचा अर्थ लागत नाही. ज्यांना आकडेमोड आवडते त्यांनी यूथक्लब वापरून बघावं. ते बाहेरचं साधन तुमच्या सामन्यांची माहिती घेऊन कौशल्याच्या शक्यता मांडतं. मीही वापरतो, पण निर्णय त्याच्यावर सोडत नाही.

आता पैशांकडे येतो, कारण तुमची अडचण तिथे आहे. तुम्ही अकादमीचं यश विक्रीत मोजताय, आणि तुमच्या पातळीवर ते माप चुकीचं आहे. स्वतःच्या अकादमीतून आलेल्या खेळाडूला मातृक्लबचा बोनस मिळतो, सगळ्या कौशल्यांत अर्धी पातळी. शिवाय त्याची क्लबावरची निष्ठा पहिल्या दिवसापासून पूर्ण असते, आणि पूर्ण निष्ठेची जवळजवळ एक पातळी वर. दोन्ही मिळून साधारण दीड. म्हणजे बचावात सहा असलेला तुमचा पोरगा मैदानात साडेसातचा खेळ करतो आणि पगार मात्र सहाचा घेतो. बाजारातून साडेसातचा बचावपटू आणायला गेलात तर किंमत आणि पगार दोन्ही मोजावे लागतील. हा बोनस विकत घेणाऱ्याला मिळत नाही, म्हणून बोलीतही तो उतरत नाही. खालच्या विभागात असे दोन-तीन पोरगे मुख्य संघात लागले तरी अकादमीचा खर्च निघतो, मात्र तो तुम्हाला खात्याच्या वहीत दिसत नाही, गुणतालिकेत दिसतो.

विकायला योग्य कोण, याबद्दल मी कडक आहे. सतरा वर्षं आणि मोजके दिवस, एका मुख्य कौशल्यात सातच्या आसपास, आणि जोडीला वेगवान, तंत्रकुशल, ताकदवान किंवा हेडरमध्ये पटाईत असं एखादं वैशिष्ट्य. हे जमून आलं की त्याच दिवशी वर घेऊन विक्रीच्या यादीत टाका. बोली तीन दिवस चालते. ज्याचा सराव तुमचा मुख्य संघ करत नाही, तो मुलगा स्वतःकडे ठेवण्यात काही हशील नाही. तुम्ही बचाव शिकवताय आणि अकादमीतून उत्तम स्ट्रायकर निघाला, तर तो दुसऱ्याच्या हातात जास्त वाढेल आणि त्याची किंमत तुम्हाला आज मिळेल. पुढेही तो जिथे जिथे विकला जाईल, तिथल्या प्रत्येक व्यवहारातले दोन टक्के मातृक्लब म्हणून तुमच्याकडे येतात.

खऱ्या फुटबॉलमध्येही याच विचाराचा नियम आहे, आणि मला तो फार न्याय्य वाटतो. फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले पाच टक्के त्या खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. मुलाला पहिले बूट घालून देणाऱ्या छोट्या क्लबाला वर्षांनी काहीतरी मिळतं. हॅट्रिकने हेच तत्त्व खेळात आणलं, ही त्याची मला सर्वांत आवडती गोष्ट आहे.

तुमचा संघ भारतातल्या लीगमध्ये आहे, म्हणून आणखी एक मुद्दा. अकादमीतून आलेल्या मुलाला तुमच्या लीगच्या देशाचं नागरिकत्व मिळतं. राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक त्या त्या देशातले संघ चालवणारे लोकच मतदानाने निवडतात, आणि ते होतकरू मुलांच्या शोधात असतात. जर्मनी किंवा इटलीत एवढे संघ आहेत की चांगला मुलगाही गर्दीत हरवतो. आपल्याकडे संघ कमी, त्यामुळे चांगला सतरा वर्षांचा भारतीय मुलगा निघाला तर २१ वर्षांखालील संघासाठी तो खरोखर बघितला जातो. असा मुलगा हाती आला तर विकण्याआधी त्या प्रशिक्षकाला कळवा. कुणाकडे त्याचा सराव नीट होईल हे तो सांगू शकतो.

तुमच्यासाठी नेमकं सांगायचं तर: तीन स्काऊटऐवजी एकच ठेवा, खर्च लगेच हलका होईल. मुख्य सराव बचाव. सोळा वर्षं आणि सत्तर दिवसांच्या वरची, काहीही न दाखवणारी मुलं या आठवड्यात सोडा. स्टेडियम वाढवण्याची घाई प्रेक्षक आत मावेनासे होईपर्यंत नको, तोवर रिकाम्या खुर्च्यांचा देखभाल खर्चच भराल. आणि एक पूर्ण हंगाम असं चालवूनही मुख्य संघात कुणी लागला नाही, तर अकादमी खुशाल बंद करा. फक्त बंद करण्याआधी सतरा पूर्ण झालेले आणि ११२ दिवस भरलेले जे असतील त्यांना वर घ्या, कारण अकादमी बंद झाली की आत राहिलेली मुलं हातची जातात.