पाचचा गजर

"मॅडम, व्यायाम सकाळीच करायचा ना? मला उठवतच नाही हो." ठाण्यात समुपदेशन करताना हे इतक्यांदा ऐकलंय, की एकदा लिहायलाच हवं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

असं म्हणणाऱ्यांपैकीच एक बाई पाचपाखाडीत राहतात, नोकरी ऐरोलीला. झोपायला रात्रीचे १२, गजर पाचचा. तो बंद करून पुन्हा झोपायचं आणि दिवसभर स्वतःला आळशी म्हणायचं. पहिल्या भेटीत मी व्यायामाचा विषयच काढला नाही. आठवडाभर वही लिहायला सांगितली: कधी झोपलात, कधी उठलात, किती चाललात.

"मंगळवारी रिक्षाला रांग होती, स्टेशनवरून चालत आले. २५ मिनिटं. शुक्रवारीपण."

"मग व्यायाम झाला की!"

"तो कसला व्यायाम? घरीच तर येत होते."

"चालताना बोलता आलं असतं?"

"हो."

"आणि गाणं म्हणता आलं असतं?"

"नाही, दम लागला होता."

"बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकं भरभर चाललात, मग तो व्यायामच."

त्या वहीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी नाहीये."

हे वाक्य त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं, म्हणून मी थांबले होते. वेळ शोधत बसू नये, रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीला व्यायाम जोडून द्यावा, हे माझं ठाम मत. त्यांच्यासाठी ती गोष्ट म्हणजे ठाण्याला गाडीतून उतरणं. बूट ऑफिसच्या पिशवीत, उतरल्यावर तलावपाळीवरून भरभर चालत घर. आधी घरी जाऊन "मग निघू" म्हटलं, की सोफा सोडवत नाही. आठवड्याचे पाच दिवस २५ मिनिटं म्हणजे १२५, रविवारी उपवन तलावाला आणखी २५. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटंच सांगते. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, तो त्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीवरून उठून-बसून करतात.

पहाट वाईट नाही. पण तेव्हा शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं, अंग आखडलेलं असतं. म्हणून आधी दहा मिनिटं सावकाश चाला, उठल्याउठल्या कंबरेतून वाकू नका. संध्याकाळी अंग मोकळं असतं. भरपेट जेवल्यावर दोन तास जोराचा व्यायाम नको, झोपेच्या आधीचा तासही सोडा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि सात तासांची झोप कापून व्यायाम करू नका, तो टिकत नाही.

पाचचा गजर त्यांनी माझ्यासमोरच काढून टाकला. पावसाळ्यात काय करायचं, हेही ठरलंय: रिक्षाने घरी, पण लिफ्ट न घेता सहा मजले जिन्याने.