माणसाइतकी बुद्धी एकाच प्रजातीत का उत्क्रांत झाली?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बुद्धी एवढी फायद्याची असेल तर कोट्यवधी वर्षांत ती फक्त माणसाच्याच वाट्याला का आली, आणि उद्या माणूस नाहीसा झाला तर चिंपांझी किंवा डॉल्फिन त्याची जागा घेतील का? पहिल्याचं उत्तर नीट दिलं की दुसऱ्याचं फारसं काही उरत नाही, म्हणून आधी पहिला भाग घेतो.

‘एकच प्रजाती’ हा हिशेब आजचा आहे. साधारण ६०,००० वर्षांपूर्वी युरोप आणि पश्चिम आशियात निअँडरथल मानव होते, आशियात डेनिसोव्हन मानव होते, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीचा होमो फ्लोरेसिएन्सिस हा मानव होता, आणि आफ्रिकेत आपण होतो. निअँडरथलचा मेंदू आपल्यापेक्षा लहान नव्हता. ते सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी संपले. पण पुरते संपले असंही नाही, कारण आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या जनुकांत आजही साधारण २ टक्के वाटा त्यांचा आहे. म्हणजे एका वंशाच्या अनेक फांद्या होत्या, त्यातली एक उरली आणि तिने शेजारच्या फांद्यांना काही प्रमाणात स्वतःत सामावून घेतलं. तेव्हा खरा प्रश्न असा: असा वंश एकच का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मोठ्या मेंदूचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि फायदा फार उशिरा मिळतो. नैसर्गिक निवडीला पुढचं दिसत नाही, ती त्या त्या पिढीत अंथरूण पाहूनच पाय पसरते. त्यामुळे बहुतेक प्राणी ‘पुरेशा’ बुद्धीवर थांबतात आणि तिथे त्यांचं उत्तम चालतं.

खर्च म्हणजे नेमका किती? आपला मेंदू सुमारे १,३५० ग्रॅमचा, शरीराच्या वजनाच्या २ टक्के. पण नुसतं पडून असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातली २० टक्के तो खातो. चार-पाच वर्षांच्या मुलात हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास जातं, आणि नेमक्या त्याच वयात शरीराची वाढ सगळ्यात मंदावते. मेंदूचं भरण होईपर्यंत बाकीच्या शरीराला थांबावं लागतं. माकडासारखं कच्चं अन्न खाऊन आपल्याएवढं शरीर आणि आपल्याएवढा मेंदू पोसायचा तर दिवसाला नऊ तासांहून जास्त वेळ चरावं लागेल, असा हिशेब २०१२ साली मांडला गेला. बाकी सगळी कामं उरलेल्या उजेडात.

हा खर्च प्रयोगातही दिसतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी गप्पी माशांमधून मोठ्या आणि लहान मेंदूचे मासे वेगवेगळे निवडून त्यांची पैदास केली. दोन पिढ्यांत मोठ्या आणि लहान मेंदूच्या गटांत ९ टक्के फरक पडला. मोठ्या मेंदूच्या माद्या संख्या ओळखण्याच्या चाचणीत सरस ठरल्या. पण त्या गटात आतडं लहान निघालं, नरांमध्ये तर २० टक्क्यांनी, आणि पहिल्या विणीत पिल्लं १९ टक्के कमी झाली. नदीत पाच पिल्लांमागे एक कमी होणं म्हणजे काही पिढ्यांत तो वाण संपण्याची तयारी. हुशारीने त्या मादीला तितकं जास्त अन्न मिळवून दिलं तरच ती टिकेल.

(‘मेंदू वाढला म्हणून आतडं लहान झालं’ हा नियम १९९५ पासून खूप उद्धृत होतो. गप्पींमध्ये तो दिसला, पण २०११ मध्ये १०० सस्तन प्राण्यांवर तपासला तेव्हा टिकला नाही. खर्च कुठून तरी भागवावा लागतो एवढं खरं. प्रत्येक प्राणी तो आतड्यातूनच भागवतो असं नाही.)

नुसता मेंदू मोठा असूनही काम होत नाही. आफ्रिकन हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट, त्यात २५७ अब्ज चेतापेशी. आपल्याकडे ८६ अब्ज. पण हत्तीच्या ९८ टक्के चेतापेशी मागच्या लहान मेंदूत असतात. विचार आणि नियोजन जिथे चालतं त्या बाहेरच्या आवरणात त्याच्या ५.६ अब्ज, आपल्या १६ अब्ज. प्रायमेट वंशात, म्हणजे माकडं, वानरं आणि माणूस यांच्यात, चेतापेशी दाटीने बसतात, हे आपल्याला आयतं मिळालेलं भांडवल. ते चिंपांझी आणि गोरिलालाही मिळालं होतं, तरी गाडी तिथेच थांबली.

आता फायद्याकडे येऊ, कारण गोम तिथे आहे. एकट्या माणसाची अक्कल आपण समजतो तेवढी मोठी नसते. २००७ साली मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांच्या गटाने अडीच वर्षांची मुलं, चिंपांझी आणि ओरांगउटान यांना एकच चाचण्यांचा संच दिला. जागा लक्षात ठेवणं, कमी-जास्त ओळखणं, काठीने वस्तू ओढणं अशा कामांत मुलं आणि चिंपांझी जवळपास बरोबरीत राहिले. दुसऱ्याकडून शिकण्याच्या कामांत मात्र मुलं कितीतरी पुढे गेली. प्लास्टिकच्या नळीत अडकलेली वस्तू कशी काढायची हे एकदा करून दाखवलं. मुलांनी पाहिलं तसं केलं. वानरांनी नळी आपटली, दातांनी ओढली, आपल्या पद्धतीने फोडायला गेले.

या एका सवयीचं मोल किती ते शेवळांवरून सांगतो. पावसाच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात शेवळं ही रानभाजी येते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून वरची सालं काढायची, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात परतायचं आणि काकड या रानफळांचा आंबट रस नाहीतर चिंच घालायची. कितीही हुशार माणूस एकटा रानात सोडला तर पहिल्या घासानंतर ‘हे खायचं नाही’ एवढंच शिकेल, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. काकड घालण्याची पायरी कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. ती पिढ्यान् पिढ्या थोडी थोडी जमत गेली. आजही भाजी करणाऱ्याला रसायनशास्त्र कळावं लागत नाही, आधीच्याने केलं तसंच करावं लागतं.

मोठ्या मेंदूचा परतावा हा असा आहे. त्यासाठी आजूबाजूला शिकण्यासारखं साठलेलं काहीतरी असायला हवं. ते साठवायला बऱ्याच जणांचे मेंदू आधीच मोठे असायला हवेत, आणि मेंदू मोठा होणं तर परताव्यावर अवलंबून. या फेऱ्यात जवळपास सगळे प्राणी अडकतात. अर्धवट डोळाही कामाचा असतो, म्हणून डोळा प्राणिसृष्टीत कितीतरी वेळा स्वतंत्रपणे तयार झाला. उडण्याची कला चार वेळा आली: कीटक, टेरोसॉर (डायनासोरच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी), पक्षी, वटवाघळं. साठत जाणारी संस्कृती एकदाच.

आपला वंश या फेऱ्यातून सुटला तो बुद्धीसाठी न घडलेल्या गोष्टींच्या जोरावर. टांझानियातल्या लाएटोलीच्या पाऊलखुणा ३६ लाख वर्षांहून जुन्या आहेत. तेव्हाचे आपले पूर्वज दोन पायांवर चालत होते आणि मेंदू चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नव्हता. हात मोकळे झाले ते चालण्यापायी. केनियात लोमेक्वीला सापडलेली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची. धारदार कपचीने मेलेल्या जनावराचं मांस कापता येतं, हाड फोडून मगज काढता येतो, म्हणजे कमी वेळात भरपूर ऊर्जा. मेंदूची ठळक वाढ दिसते ती यानंतर, सुमारे २० लाख वर्षांपासून पुढे.

अन्न शिजवण्यामुळेच मेंदू वाढला हे मत लोकप्रिय आहे. मला ते अर्धंच पटतं. विस्तवाचा भक्कम पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत १० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि वाढ त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. विस्तवाने गाडीला वेग दिला असेल, ती सुरू केली असं म्हणवत नाही.

त्याहून कमी बोललं जातं ते पोर सांभाळण्याबद्दल. चिंपांझी मादी एकटीच पिल्लू वाढवते, म्हणून दोन पिल्लांत पाच-सहा वर्षांचं अंतर. मेंदू आणखी मोठा झाला, बालपण आणखी लांबलं, की हे अंतर इतकं वाढेल की वंशच तग धरणार नाही. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी समाजांत मात्र हे अंतर साधारण तीन-साडेतीन वर्षांचं असतं, कारण आजी, मावशी, मोठी भावंडं हातभार लावतात. टांझानियातल्या हाद्झा लोकांत आज्या तासन् तास कंद खणून नातवंडांना खाऊ घालतात. मोठ्या मेंदूचं बिल एकट्या आईने भरायचं नसेल तरच ते परवडतं.

एवढं जमूनही घाई कसलीच नव्हती. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकीला उत्खननात सापडलेल्या हातकुऱ्हाडी ज्या परंपरेतल्या, ती आफ्रिकेत सुमारे १७ लाख वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तिचा मूळ आराखडा १० लाखांहून अधिक वर्षं फारसा बदलला नाही. ती घडवणाऱ्यांचा मेंदू चिंपांझीच्या दुपटीहून मोठा होता. आणि फ्लोरेस बेटावरच्या मंडळींचा मेंदू तर ४०० घनसेंटिमीटरच्या आसपास होता, तरी ते हत्यारं करत. उत्क्रांतीला बुद्धीची ओढ असती तर ते तसे टिकले नसते.

आता दुसरा भाग. चिंपांझी आपल्या मागून येतोय हा समज सोडून द्या. ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटा फुटल्या आणि तोही तितकीच वर्षं स्वतःच्या वाटेने उत्क्रांत होत आलाय. डॉल्फिनकडे मेंदू आहे, पण हात नाहीत आणि पाण्यात विस्तव नाही. ऑक्टोपसकडे ५० कोटी चेतापेशी आणि आठ कुशल बाहू. पण आयुष्य एक-दोन वर्षांचं आणि अंडी फुटायच्या सुमारास आई मरते, मग शिकवणार कोण? डोमकावळ्याच्या चिमुकल्या मेंदूत पुढच्या भागात अब्जाहून जास्त चेतापेशी आहेत, पण उडायचं तर वजनाला मर्यादा.

निसर्गाने एक प्रयोग करूनही ठेवला आहे. दक्षिण अमेरिकेतली माकडं गेली साडेतीन कोटींहून अधिक वर्षं वेगळी वाढली. त्यातली कापुचिन ब्राझीलमध्ये निदान ३,००० वर्षं दगडाने कठीण फळं फोडतायत. दगडावर दगड आपटताना धारदार कपच्या पडतात, आपल्या पूर्वजांच्या हत्यारांसारख्याच दिसणाऱ्या. कापुचिन त्या कापायला वापरत नाहीत, कारण त्यांना कापायचं असं काही नसतं.

तेव्हा जागा रिकामी झाली म्हणून कोणी ती भरेल असं मला वाटत नाही. पैज लावायचीच तर मोकळे हात, लांब आयुष्य, पोर सांभाळणारा गट आणि हत्याराने लगेच जास्त अन्न मिळेल असं खाणं, या चारही गोष्टी एकत्र असलेल्या प्राण्यावर लावेन. त्यातल्या त्यात जवळ येतो हत्ती: सोंड आहे, साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य आहे, कळपातल्या माद्या एकमेकींची पिल्लं सांभाळतात. पण गवत-पाला खाणाऱ्याला धारदार कपचीचा उपयोग काय, आणि २२ महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होत असेल तर त्याहून महाग मेंदू त्याला परवडायचा नाही.