गॅलरी, हलगी आणि हमीपत्र

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम रंगात आला की या कायदा सल्ल्याच्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वाटणीपत्रं आणि भाडेकरार मागे पडतात. यंदाच्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे. समर्थकांनी गट करून बसायचं नाही, वाद्यं आणायची नाहीत, मोठे झेंडे नकोत, तालमीने (आपल्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच) सगळं लिहून द्यायचं, असं काहीबाही सांगितलं जातंय, तर याला विरोध कसा करायचा? पत्र लिहिणाऱ्यांपैकी मूळ आदेश डोळ्यांनी पाहिलेले फार थोडे. बाकीच्यांनी तो ऐकलाय. म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तरं देते.

गॅलरीत हलगी-घुमकं नेऊ देणार नाही म्हणतात. अशी बंदी घालता येते का? (शिवाजी पेठ)

येते. सामना भरवणारा प्रवेशासाठी अट घालू शकतो. ती तिकीट विकण्याआधी जाहीर केलेली असावी, एवढं मात्र विचारा.

मॅडम, ग्रुपवर मेसेज आलाय, मॅचच्या दिवशी पाचजण एकत्र दिसले की डायरेक्ट उचलणार. पेठेतली पोरं घाबरल्यात. खरं हाय काय? (मंगळवार पेठ)

मेसेजच्या खाली सही कुणाची होती? आदेशाचा क्रमांक, तारीख? काहीच नसेल तर तो पुढे पाठवणाऱ्यालाच आधी विचारा.

जमावबंदी असते, हे खरं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली काठ्या, शस्त्रं, दगड जवळ बाळगण्यावर बंदी येते आणि ३७(३) खाली जमावावर. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे हा आदेश जिल्हादंडाधिकारी कार्यालयातून निघतो. ३७(३) चा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १४४. ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं आहे. त्याची मुदत एरवी दोन महिने. ज्याला या आदेशाची झळ बसते त्याला तो रद्द करा किंवा बदला असा अर्ज त्याच दंडाधिकाऱ्याकडे करता येतो आणि आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते. मला आलेल्या पत्रांत एकानेही असा अर्ज केल्याचं लिहिलेलं नाही. स्टेटस मात्र सगळ्यांनी ठेवलेत.

आदेश लागू असेल तर त्यात सवलती कुणाला आहेत ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतं. परवानगी घेतलेले कार्यक्रम पुष्कळदा वगळलेले असतात. पूर्ण आदेश मिळवा आणि वकिलाकडून वाचून घ्या.

आम्ही तालमीचे पदाधिकारी. सामन्यांआधी पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र मागितलं जातंय: ‘आमचे समर्थक अथवा समर्थक म्हणविणारे यांच्याकडून मैदानात वा मैदानाबाहेर घडणाऱ्या कोणत्याही प्रकाराची व नुकसानीची संपूर्ण जबाबदारी आमची राहील.’ सही केली नाही तर आमच्या लोकांना गॅलरीत एकत्र जागा नाही म्हणतात. काय करावं? (शुक्रवार पेठ)

सही करू नका. निदान या मजकुरावर करू नका. आणि आता जरा बसून वाचा, कारण हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि नेहमी सही झाल्यानंतर येतो.

‘समर्थक म्हणविणारे’ हे शब्द बघा. तुमच्या संघाची जर्सी रस्त्यावरच्या स्टॉलवर कुणालाही विकत मिळते. ती घालून कुणी पर जिल्ह्यातला पाहुणा आला, दारू पिऊन आला, कुठल्या जुन्या भांडणाचा हिशेब चुकवायला आला, तरी या वाक्याने तो तुमचा झाला. पुढे ‘मैदानाबाहेर’. कुठवर बाहेर? सामना संपल्यावर पोरं पापाची तिकटीला चहाला थांबली आणि तिथे बाचाबाची झाली, तर ते मैदानाबाहेरच की. त्यापुढे ‘कोणत्याही प्रकाराची’. अशा वाक्याला ना हद्द, ना मुदत, ना रक्कम.

फौजदारी बाजू आधी. दुसऱ्याने मारलेल्या दगडाची शिक्षा मी भोगेन, असा करार कायद्यात होत नाही. गुन्हा ज्याचा त्याचा. बेकायदा जमावाचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेतलं १८९ आणि १९०, त्यात पाच किंवा जास्त लोकांचा समान उद्देश असेल तर एकाच्या कृत्यासाठी सगळे गुंततात. पण तिथेही नुसती हजेरी पुरत नाही, उद्देशात सहभाग दिसावा लागतो. धोका असा की उद्या खरोखर दंगा झाला आणि तुमचं नाव कुठे ना कुठे आलंच, तर हे हमीपत्र तपासाच्या कागदांत जाऊन बसतं आणि ‘समर्थक यांच्याच ताब्यात होते’ असं म्हणायला आधार होतो. शिक्षा होईल असं मी म्हणत नाही. सुटका होईपर्यंतच्या तारखा मोजायला किती वर्षं जातात, हे कसबा बावड्याच्या कोर्टात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

दिवाणी बाजू जास्त खरी आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये कलम १२४ खाली नुकसान भरून देण्याचा करार वैध असतो. काचा, खुर्च्या, केएमटीच्या बसा यांची बिलं त्या आधारावर मागितली जाऊ शकतात. मग द्यायची कुणी? सही अध्यक्षांनी केली की तालमीने? खाली ‘करिता’ लिहून शिक्का मारला का? कार्यकारिणीचा ठराव आहे का? तुमची तालीम सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर न्यासाचा पैसा हवा तसा अडकवायचा अधिकार अध्यक्षांनाही नाही. ठराव नसताना सही केली तर तालीम हात झटकू शकते आणि बोजा तुमच्या घरावर येतो. तालमीची इमारत, तिथली लाल माती, आजोबांच्या पिढीने वर्गणीतून उभं केलेलं सगळं एका घाईच्या सहीला टांगायचं का, हे कार्यकारिणीत बसून ठरवा.

पाचशेचा स्टॅम्प लावला म्हणून मजकूर न्याय्य होत नाही. ‘मॅडम, स्टॅम्पवर आहे म्हणजे करावंच लागणार’ हे वाक्य पुन्हा मला लिहू नका. आणि हा कागद सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पुढे सरकवण्याची जी पद्धत आहे ती मला मुळीच आवडत नाही. ज्याला खरोखर शिस्त हवी आहे तो आठ दिवस आधी मसुदा देतो.

मग द्यायचं काय? काहीच देणार नाही म्हणणंही शहाणपणाचं नाही. तुमच्या लेटरहेडवर लिहा: आमच्या अमुक इतक्या स्वयंसेवकांची नावं सोबत जोडली आहेत, ते गॅलरीत थांबतील, गैरप्रकार करणारा ओळखता आला तर माहिती देतील, आम्ही सदस्यांना लेखी सूचना दिल्या आहेत, हे पत्र अमुक स्पर्धेपुरतं आणि अमुक तारखेपर्यंत. मूळ मसुद्यातल्या कोणत्या शब्दांना हरकत आहे तेही त्यातच लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, सहीसकट. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. हे सगळं तुमच्या वकिलाला दाखवूनच. तालमीत वकील असतोच एखादा, त्याला फक्त सत्काराला बोलावू नका.

आणखी एक. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढचं शांततेचं बंधपत्र वेगळं असतं, सुरक्षा संहितेच्या कलम १२६ चं. जुनं १०७ ते हेच. तिथे नोटीस येते, सुनावणी असते, मोडलं तर रक्कम जप्त होते. संयोजकांच्या हमीपत्राशी त्याची गल्लत करू नका, आणि नोटीस आली तर त्या तारखेला वकिलाशिवाय जाऊ नका.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. दगडफेकीच्या व्हिडिओत तो दिसतो म्हणून पोलीस ठाण्यातून फोन आला. त्याने काही केलं नाही म्हणतो. (एक आई, राजारामपुरी)

ताई, तुम्ही स्वतः सोबत जा. त्याला एकट्याला पाठवू नका आणि त्याच्या मित्रांच्या टोळक्याबरोबर तर नकोच. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला बरोबर घ्या, कारण सगळं वयावर आहे. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं आणि पालकांना कळवणं बंधनकारक आहे. गंभीर स्वरूपाचा गुन्हा नसेल तर साधारणपणे एफआयआर न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. पण मोठ्या माणसांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर ही सवलत उरत नाही, आणि गॅलरीतल्या भांडणात नेमकं तेच होतं. म्हणून आजच वकील गाठा. व्हिडिओ डिलीट करायला लावू नका. त्याचा मोबाइल तसाच राहू दे.

दोन वर्षांपूर्वी हुल्लडबाजीची केस झाली, अजून निकाल नाही. पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये लिहू का? मित्र म्हणतो लपव, कळत नाही. (कसबा बावडा)

लिहा. चारित्र्य पडताळणीत ते निघतंच. केस काय होती याच्याइतकीच, कधी कधी त्याहून जास्त, अडचण ती लपवल्याने होते. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवण्यावरच निकाल दिला आहे. त्यात क्षुल्लक प्रकरणांत नियुक्ती अधिकाऱ्याने तारतम्य वापरावं असंही म्हटलंय, पण ते तारतम्य खरं लिहिणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं. फॉर्म भरण्याआधी आरोपपत्राची प्रत घेऊन वकिलाला भेटा. मित्राला नको.

एकजण ‘अधिकृत सपोर्टर कार्ड’ काढून देतो म्हणतो. तीनशे रुपये, आधारची झेरॉक्स आणि फोटो. कार्ड असेल तर पोलीस अडवणार नाहीत म्हणे. (लक्षतीर्थ वसाहत)

कुणाचं अधिकृत? असं कार्ड दाखवल्यावर पोलिसांनी अडवायचं नाही, असा कुठलाही कायदा नाही. पैसे जातील ते जातील, आधारची प्रत कुठे जाईल ते कळणार नाही. संयोजकांच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. झेरॉक्स दिली असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा आणि त्या माणसाबद्दल लेखी तक्रार द्या.

माझा भाचा जर्मनीत आहे. तो म्हणतो, तिकडे समर्थकांच्या गटांनी असल्या निर्बंधांना वाकवलंय. आपल्याला का जमत नाही? (नागाळा पार्क)

भाच्याने अर्धं सांगितलं. २०१२ च्या अखेरीला जर्मन लीगने स्टेडियम सुरक्षेचा मसुदा आणला. त्यावर १२ डिसेंबरला मतदान होतं, म्हणून त्याआधीच्या सामन्यांत समर्थक पहिली बारा मिनिटं बारा सेकंद गप्प बसले. एकमेकांचं तोंड न बघणारे गट एका निषेधात आले. मसुदा मंजूर झालाच, पण गटांशी बोलल्याशिवाय चालणार नाही हे लीगला कळलं. तुर्कस्तानात २०१४ पासून तिकिटासाठी पासोलिग नावाचं कार्ड सक्तीचं झालं, तेही बँकेशी जोडलेलं. समर्थकांनी बहिष्कार टाकला, स्टँड ओस पडले, कार्ड मात्र राहिलं. इटलीत २०१० च्या हंगामापासून बाहेरगावच्या सामन्यांसाठी समर्थक-ओळखपत्र आलं, त्यालाही गटांनी वर्षानुवर्षं विरोध केला. इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्यात प्रेक्षकांच्या ओळखपत्राची योजना होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ९७ जीव गेले. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी ओळखपत्रांना विरोध केला आणि योजना बासनात गेली.

आपल्या देशातलंही विसरू नका. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ जण गेले. गर्दीची भीती वाटणारा प्रत्येक अधिकारी तुमचा वैरी नसतो. त्याच कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये या दोन्ही संघांचे समर्थक खांद्याला खांदा लावून रस्त्यावर आले, आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार आणि खून झालेल्या डॉक्टर तरुणीसाठी न्याय मागायला.

आपली गॅलरी बारा मिनिटं गप्प बसेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस अशा सगळ्या तालमींनी मिळून एक निवेदन दिलं तर त्याचं वजन वेगळं पडेल. एकेका पेठेचं निवेदन दुसऱ्या पेठेविरुद्धची तक्रार म्हणून वाचलं जातं. मसुदा एका वकिलाकडून करून घ्या, प्रत्येकाने आपापला वकील आणला तर निवेदन पुढच्या हंगामात तयार होईल.

स्टेडियमबाहेर निषेधाचा फलक धरून उभं राहिलं तर? (उत्तरेश्वर पेठ)

आधी ठाण्यात लेखी अर्ज, आणि जमावबंदी चालू आहे का ते पाहा.

कोर्टात जायचं म्हटलं तर मुंबई. एवढा खर्च कोण करणार? माहिती अधिकारात आदेश मागवून मग जावं का? (फुलेवाडी)

मुंबईला कशाला? १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या गावात चालू आहे. इतकी वर्षं त्यासाठी भांडलो, आता निदान ते कुठे आहे एवढं माहीत करून घ्या.

पण उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याआधी दोन गोष्टी. सरकारी आदेशाविरुद्ध रिट चालते, खाजगी संयोजकाच्या तिकिटावरच्या अटीविरुद्ध चालेलच असं नाही, ते आदेश कुणाचा यावर ठरतं. आणि माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. रविवारच्या सामन्यासाठी शुक्रवारी दहा रुपयांचा अर्ज टाकून काय मिळणार? अर्ज टाकाच, पण त्याची वाट बघत बसू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आदेशाची प्रत लेखी मागा, आणि ती हातात पडली की त्याच दिवशी वकिलाकडे जा. गेल्या हंगामातले आदेश घेऊन येणारे पक्षकार मला या महिन्यातही भेटले.

फायनलला गॅलरीत रंगीत धुराच्या कांड्या पेटवल्या तर चालतील का? फक्त दोन. (जवाहरनगर)

नाही. एकही नाही.