'गमतीनं म्हणतात' म्हणे!

प्रश्न: ताई, मी उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, शिफ्ट सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली खानापूर तालुक्यातला एक सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या इथल्या जमातीतला) पोरगा आहे, कामाला एक नंबर. पण मोल्डिंगवरची पोरं त्याला 'ए आफ्रिका' म्हणून हाक मारतात, केसात हात घालतात, खंडेनवमीच्या पूजेला तर 'नाचून दाखव की' म्हणून मागंच लागली. आता तो डबा एकटाच खातो आणि कायमची नाईट मागतोय. विचारलं की 'जाऊ द्या सर, सवय झालीय' म्हणतो. देऊन टाकू का नाईट?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: लगेच नको. चिडवणारे डे शिफ्टला मजेत आणि ज्याला त्रास झाला त्यानंच जागा सोडायची, हा कुठला न्याय? आधी त्याला मशीनपासून लांब, चहाला वगैरे नेऊन एकट्यात विचारा, आणि तो बोलत असताना 'अरे पोरं मनानं चांगली आहेत' हे मधेच अजिबात घालू नका. त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडून येऊ दे. एवढं होऊनही नाईटच हवी म्हणाला तर द्या.

पोरांना मात्र त्याच्यावर ढकलून बोलू नका, 'त्यानं कंप्लेंट केलीय' म्हणालात की संपलंच. तुम्ही स्वतः ऐकलंय ना, मग पुढच्या वेळी हाक आली की तिथंच, सगळ्यांसमोर, 'माझ्या शिफ्टमध्ये हे चालणार नाय' म्हणायचं. तारीख, कोण काय बोललं, तुमच्या डायरीत लिहा. परत झालं तर मेमो, आणि पोरं कॉन्ट्रॅक्टरची असतील तर कॉन्ट्रॅक्टरला लेखी. सगळ्यांना उभं करून हात मिळवायला लावू नका हं, त्यात त्याचाच परत तमाशा होतो.

आणखी एक, फेटलिंगचं, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायचं धुळीचं काम कायम त्यालाच लागतंय का, ओव्हरटाइम कुणाला मिळतो, हेही जरा रजिस्टर काढून बघा.

सिद्दी म्हणजे पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज, पिढ्यानपिढ्या हल्याळ, यल्लापूर, खानापूरच्या जंगलपट्ट्यात राहिलेले. तो इथलाच आहे वो, आणि नसता तरी चिडवायचं लायसन कुणाला मिळत नाही. भाषेवरून कुणी एक शब्द बोललं तर आपण सीमाभागातली माणसं केवढी पेटतो, मग हे कसं चालतं आपल्याला?

मॅनेजमेंटनं 'किरकोळ आहे' म्हटलं तर सांगा, बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना २०२० मध्ये अनुसूचित जमातीत घेतलंय, त्यामुळं चारचौघांत मुद्दाम असा अपमान केला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो. पोलिसात जायचं का नाही ते तो ठरवेल, तुम्ही ढकलू नका आणि अडवू तर अजिबातच नका.