आजोबांची रात्र आणि तुझी

प्रिय,

अल्झायमरने आठवण हरवत चाललेले आजोबा रात्री झोपत नाहीत, काय करू, असं विचारणारं तुझं पत्र रात्री तीनला लिहिलेलं आहे, हे शेवटच्या अर्धवट वाक्यावरूनच कळलं. आजोबा पुन्हा उठले असणार आणि तुला पेन टाकून धावावं लागलं असणार.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. ते मुद्दाम करत नाहीत. दिवस-रात्रीचं भान ठेवणारं घड्याळ म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधला पेशींचा इवलासा पुंजका. अल्झायमरमध्ये तोच झिजत जातो. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिनही कमी पडतं. वर मोतीबिंदू असेल तर डोळ्यांवाटे त्या घड्याळापर्यंत पोचणारा उजेड अडतो. तू कितीही समजावलंस तरी त्यांच्या लेखी रात्र झालेलीच नसते.

म्हणून रात्रीची तयारी सकाळीच सुरू कर. रोज ठरलेल्या वेळी उठव, उन्हात ने, चालव. 2005 मध्ये अमेरिकेत सुसान मॅकरी यांनी अल्झायमरच्या रुग्णांवर हेच करून पाहिलं: रोज चालणं, प्रखर उजेड आणि घरच्यांना शिकवणं. त्यांची रात्रीची जाग कमी झाली. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीनच्या आत, तीही खुर्चीत. दुपारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

दिवस कलताना त्यांची घालमेल वाढते असं तू लिहिलंस. अंधार पडायच्या आधीच दिवे लाव, पडदे ओढ. आणि त्यांच्या पलंगावर स्वतः आडवं होऊन खोली बघ. माझे सासरे रोज रात्री 'तो माणूस गेला का?' म्हणून विचारायचे. दहा दिवसांनी मी त्यांच्या उशीवर डोकं टेकलं, तेव्हा दाराआड खुंटीवरचा कोट दिसला. कोट काढला, माणूस गेला.

गोळ्यांबाबत माझी चूक तुझ्या हातून होऊ नये. सर्दी झाली म्हणून, आणि खरं सांगायचं तर झोप लागेल म्हणूनही, मी सासऱ्यांना क्लोरफेनिरामिन दिलं. रात्रभर ते चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसले. आठवणीसाठी लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन या आजारात आधीच कमी असतं, आणि सर्दीच्या नि झोपेच्या अशा अनेक गोळ्या त्याचंच काम अडवतात. एकीकडे ते वाढवायला डोनेपेझिल चालू, दुसरीकडे मी ते दाबत होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. आजोबा डोनेपेझिल रात्री घेत असतील तर भयंकर स्वप्नं पडू शकतात. सकाळी दिलं तर चालेल का, ते विचार. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळही विचारून घे.

दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून दात, गुडघे, पोट साफ होतंय का, हे तूच बघ. दोन-तीन दिवसांत एकाएकी झोप उलटली किंवा गोंधळ वाढला तर त्याच दिवशी दवाखान्यात ने. बऱ्याचदा लघवीचा संसर्ग निघतो. झोपेत हातपाय झाडत असतील, ओरडत असतील तर तेही सांग. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात हे दिसतं, आणि त्यात भास नि अस्वस्थता शांत करायला देतात ती हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फार घातक ठरतात.

ते उठून कामावर निघाले तर वाद घालू नकोस. 'कुठलं काम राहिलंय?' विचार. सासऱ्यांना हिशेब पुरा करायचा असायचा. वही दिली की ते चार आकडे मांडत, मी 'जुळला' म्हणायचे, आणि ते माझा हात धरून पलंगाकडे यायचे.

आता तुझ्याबद्दल, कारण पत्रात तू स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाहीस. तू त्यांच्याच खोलीत झोपत असशील, पण कान उघडे ठेवून घेतलेली झोप ही झोप नव्हे. ते गाढ झोपले तरी तू जागंच. हे वर्षभर रेटता येत नाही. चिडचिड वाढते, औषधांत चुका होतात. काकांना आणि आत्याला स्पष्ट सांग: आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या. अर्धी रात्र नको, पूर्ण. त्या रात्री तू दुसऱ्या खोलीत, दार लावून. बाकीच्या दिवशी त्यांच्या पलंगाशी पाय टेकताच वाजणारी चटई ठेव, म्हणजे सारखं कानोसा घेत पडावं लागणार नाही.

एक वही कर. कधी झोपले, कधी उठले, दिवसा किती चालले, काय औषध घेतलं. दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखव आणि मलाही पाठव. त्यात चार रात्रींचं अक्षर तुझं नसावं, काकांचं किंवा आत्याचं असावं. मी आधी तेच बघणार आहे.

तुझी,
मावशी