"रस्त्यानं जाणारे हसतील" म्हणणारे बाबा

सेंद्रिय शेतीकडे वळायचंय पण घरचे वेड्यात काढतात, काय करू? शेतकरी घरातली तरुण पोरं हे मला हमखास विचारतात. एका घराचं सांगते, त्यांना विचारूनच, ओळख लपवून.

यवतमाळकडचं कुटुंब, कोरडवाहू कापूस-तूर. 2017 ला जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत 20 च्या आसपास शेतकरी-मजूर दगावले तेव्हापासून मुलाच्या डोक्यात होतं की हे बंद करायचं. तो बाबांना खर्चाचा हिशोब दाखवायचा, यूट्यूबचे व्हिडिओ दाखवायचा, दरवेळी भांडण, शेवटी बोलणंच बंद.

त्याच्या बाबांना, म्हणजे काकांना, मी आधी एकटं भेटले. पैशाचं काहीच काढलं नाही, फक्त विचारलं, काका गावात तुमचं वावर (शेत) कशासाठी ओळखतात? लगेच खुलले. "माह्या पऱ्हाटीत (कापसात) गवताची काडी दिसत नाई जी, रस्त्यानं जाणारा थांबून पायते."

अडचण इथे होती. नैसर्गिक शेतीत तण कापून तिथेच आच्छादन टाकतात, म्हणजे वावर लांबून गबाळं दिसणार. मुलगा म्हणतो मी फक्त औषध बंद करतोय, आणि बाबांना दिसतंय की आयुष्यभराची अब्रू चारचौघांत जाणार. शिवाय कुठल्या अळीवर काय मारायचं हे अर्धं गाव त्यांनाच विचारतं, तो मानही गेला.

पुढच्या भेटीत मुलालाही बसवलं आणि काकांना त्यांच्या आईच्या काळातली पेरणी विचारली. कापसात तूर, ज्वारी, मूग, अंबाडी, बियाणं राखेत कसं ठेवायची, सगळं तोंडपाठ, पोराला यातलं निम्मंही माहीत नव्हतं!

मग ठरलं, नाल्याकडचा एक एकर, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडत नाही, आणि कुठल्या तासात (ओळीत) काय पेरायचं ते काका ठरवणार. काकू मात्र मध्येच म्हणाल्या, तणनाशक बंद केलं तर निंदायला वाकणार कोण? फार खरा प्रश्न, आणि बऱ्याच घरी तो येतच नाही कारण वाकणारी बाई बैठकीला नसते. निंदणाची मजुरी आधीच बाजूला काढायची असं मग पक्कं केलं.

रस्त्याकडच्या वावरात काका अजून फवारतात, आता मास्क-हातमोजे घालून.

तुमच्याही घरी हेच चालू असेल तर बाबांना "तुम्ही जमीन मारली" असं कधीच बोलू नका, त्यांनी तेव्हा चांगला शेतकरी म्हणूनच ते केलं होतं. आणि सुरुवातीची काही वर्षं उत्पन्न घटू शकतं, तेव्हा सगळं वावर एकदम बदलायला जाऊ नका.